मध्यम किमतीचे क्लोज्ड-बॅक हेडफोन: घरी आणून तुलना कशी करावी

रात्री साडेदहानंतर आमच्या दोन खोल्यांच्या घरात स्पीकर लावता येत नाही. आई लवकर झोपते, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ आहे, आणि मला दिवसभराच्या कामानंतर तासभर गाणं हवंच असतं. ओपन-बॅक हेडफोनचा आवाज मोकळा असतो हे खरं. पण त्यांच्या कपांना मागून जाळी असते, त्यामुळे निम्मं गाणं खोलीत सांडतं आणि खोलीतला पंखा, टीव्ही, कुकरची शिट्टी कानात येते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत म्हणूनच मागून बंद कपांचे, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोन सोयीचे पडतात.

सात-आठ हजारांपासून सतरा-अठरा हजारांपर्यंतच्या पट्ट्यात चार-पाच मॉडेलं खरोखर चांगली आहेत. त्यांत ‘सगळ्यात भारी कोणतं’ या प्रश्नाला मला तरी उत्तर सापडलेलं नाही. तुमच्या डोक्यावर पॅड कसे टेकतात, ते कशाला जोडता आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवता का, यावर निकाल फिरतो. हे तपासण्याची माझी पद्धत इथे क्रमाने देतो. एक-दोन संध्याकाळी, मग प्रत्येक हेडफोनला तीन-तीन दिवस आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा एवढंच लागतं.

आधी वहीत तीन ओळी

कुठे ऐकणार, कशाला जोडून ऐकणार आणि सलग किती वेळ ऐकणार, हे लिहून काढा. रोज लोकलने दोन तासांचा प्रवास हेच मुख्य ऐकणं असेल, तर नॉइज कॅन्सलिंगचे वायरलेस हेडफोन घ्या. बंद कप बोलण्याचा, भांड्यांचा, हॉर्नचा वरचा आवाज बऱ्यापैकी अडवतात, पण गाडीची खालची घरघर त्यांना फारशी अडवता येत नाही. ती जिरवायला इलेक्ट्रॉनिक्सच लागतं. पुढचं सगळं घरात बसून, वायर लावून, मन लावून ऐकणाऱ्यांसाठी आहे.

ओहमचं गणित, एकदाच

खोक्यावरच्या आकड्यांपैकी दोनच कामाचे: इम्पीडन्स, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो (ओहम), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीला किती मोठा वाजतो (डेसिबल). ‘५ ते ३५,००० हर्ट्झ’ असली पट्टी सोडून द्या. माणसाला ऐकू येतं ते साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, आणि वरची मर्यादा वयाबरोबर खाली येते. शिवाय त्या पट्टीत कुठला भाग किती उंच-सखल आहे, हे खोकं सांगत नाही.

उदाहरणादाखल बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ७७० प्रो बघा. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत मिळतो आणि बाहेरून तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. त्याची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. फोनला लावायच्या साध्या यूएसबी-सी डोंगलमधून (हेडफोनची पिन बसवायच्या छोट्या जोडातून) साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. पुरा एक व्होल्ट धरला, तर २५० ओहमच्या रूपात ४ मिलिवॅट शक्ती जाते आणि जास्तीत जास्त १०२ डेसिबल निघतात. ८० ओहमला त्याच डोंगलवर १०७ मिळतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहम आणि ९९ डेसिबलचा असल्याने तो ११३ पर्यंत जातो.

१०२ डेसिबल कागदावर भरपूर वाटतात, पण ती सर्वोच्च टोकाची मर्यादा आहे. ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीची आलापी त्या टोकाच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली असते. डोंगल अर्ध्या व्होल्टचा निघाला तर आणखी सहा वजा. मी २५० ओहमचा हेडफोन फोनला लावून पाहिला, तेव्हा आवाज शेवटच्या पायरीवर नेऊनही विलंबित लयीतला तबला लांबच्या खोलीत वाजतोय असं वाटत होतं. त्यात दोष हेडफोनचा नव्हता, जोडणी चुकीची होती. फोन किंवा लॅपटॉपवरच ऐकणार असाल तर ३२ ते ८० ओहमच्या दरम्यान राहा. टेबलावर हेडफोनला जास्त शक्ती देणारं वेगळं यंत्र, म्हणजे ऑडिओ इंटरफेस किंवा हेडफोन ॲम्प, असेल तरच २५० चा विचार करा.

यादीत कोणाला घ्यावं

*सोनी एमडीआर-७५०६.* १९९१ पासून रेकॉर्डिंगच्या कामात ठाण मांडून बसलेलं मॉडेल. ६३ ओहम, वजन २३० ग्रॅम, वायर गुंडाळीची आणि कायमची जोडलेली. आवाज स्पष्ट आणि वरच्या बाजूला उजळ. शब्द न शब्द सुटा ऐकू येतो. पॅड मात्र पातळ आहेत, मोठ्या कानांना आतलं कापड टेकतं.

*ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स.* २०१४ मध्ये आला. ४५ मिलिमीटरचे ड्रायव्हर (कपांतले छोटे स्पीकर), वायरीशिवाय २८५ ग्रॅम. वायर सुटी होते आणि खोक्यात तीन वायरी मिळतात. खालचा भाग भरदार, वरचा चमकदार. सिनेसंगीत, रॉक, ढोल-ताशा यांत मजा येते. पॅडचं भोक लहान असल्याने मोठ्या कानांच्या माणसाने आधी डोक्यावर चढवूनच पाहावा.

*बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो.* सुखाने बसण्यात या यादीत पहिला. बहुतेक रूपांत मखमली गोल पॅड, २७० ग्रॅम, आणि सुटे भाग वेगळे मिळतात. खालून खोल, मधे किंचित मागे सरकलेला, वर आठ हजार हर्ट्झच्या आसपास टोकदार. या रूपांची वायर निघत नाही. २०२४ मध्ये कंपनीच्या शताब्दीला आलेल्या डीटी ७७० प्रो एक्समध्ये ती सोय केली आहे. तो ४८ ओहमचा आहे.

*सेनहायझर एचडी २८० प्रो.* ६४ ओहम, २८५ ग्रॅम. बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असा कंपनीचा दावा आहे, आणि खोली शांत करण्यात तो खरंच पटाईत आहे. पकड घट्ट, पॅड गरम. आवाज साधा, अघळपघळपणा नसलेला. मला तो बातम्या, व्याख्यानं आणि गायनासाठी आवडतो, उत्सवी संगीतासाठी नाही.

*एकेजी के३७१.* ३२ ओहम, ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर, २५५ ग्रॅम, वायर सुटी. एकेजी ही हरमनच्या मालकीची कंपनी. हरमनमध्ये शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना वेगवेगळ्या घडणीचे आवाज ऐकवून कोणता आवडतो हे तपासलं. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, तशी घडण बहुतेकांना आवडली. के३७१ त्या घडणीच्या जवळ जातो. तो नीट बसला तर सर्वांत समतोल आहे, पण त्याचे कप फिरते असल्याने तो नीट बसवण्यावर जास्त लक्ष द्यावं लागतं.

यांतले दोन, फार तर तीन निवडा. पाचही आणलेत तर गोंधळच हाती येईल. आणि महाग म्हणजे चांगला हे मनातून काढा. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं किमतीशी ताडून पाहिली, तेव्हा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती मोठा वाजतो) आणि किंमत यांच्यात संबंध सापडला नाही. किमतीतला फरक पॅडचं कापड, बिजागरी, वायर, नाव यांत कुठेही गेलेला असू शकतो.

परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, बिल जपा. या मॉडेलांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. भाव अर्ध्यावर आलेला दिसला तर आधी वॉरंटी कोण देतंय ते विचारा.

सील: सगळा खर्ज इथे अडकलेला असतो

सायकलच्या पंपाचा वायसर झिजला की दांडा कितीही जोराने दाबा, ट्यूबमध्ये हवा जात नाही. बंद हेडफोनचंही तसंच आहे. पॅड, गाल आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेवर ड्रायव्हरच्या पडद्याने दाब दिला की खालचे सूर उमटतात. पॅडखाली फट राहिली की तो दाब निसटतो आणि खर्जाचा भाग आधी जातो. वरचे सूर तसेच राहतात, त्यामुळे हेडफोन ‘पत्र्यासारखा’ वाटू लागतो आणि आपण दोष कंपनीला देतो.

फट पाडणाऱ्या गोष्टी रोजच्याच: चष्म्याच्या काड्या, कानातल्या कुड्या, कपाखाली अडकलेली बट, नीट न केलेली दाढी.

गेल्या पावसाळ्यात आईला नाट्यसंगीताचं एक जुनं रेकॉर्डिंग ऐकवत होतो. तिने हेडफोन चष्म्यावरूनच चढवला होता. दोन मिनिटांनी म्हणाली, ‘‘छान आहे रे, पण तबला कुठे आहे?’’ मी चष्मा काढून ठेवला, कानावरचे केस मागे सारले आणि कप बोटभर खाली ओढून पुन्हा टेकवला. तिचा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. ‘‘हां, आता डग्गा आला.’’ हेडफोन तोच होता, आवाजाची पायरीही तीच.

तेव्हा प्रत्येक हेडफोन चढवल्यावर हे करा. पुरुष गायकाच्या मैफलीतला नुसता तंबोरा लावा. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते, म्हणजे सील तपासायला याहून चांगलं साधन नाही. तंबोरा चालू असताना दोन्ही तळव्यांनी कप हलकेच आत दाबा. खर्ज एकदम भरून आला तर फट आहे. फारसा फरक पडला नाही तर सील पक्कं. मग कप थोडा मागे, थोडा खाली, पट्टीचा एक खाच लांब, एक खाच आखूड असं करून बघा. चष्मा रोज लागत असेल तर चाचणी चष्म्यासकटच करा. मऊ, जाड पॅड काडीभोवती वळतात, कडक पॅड काडीवर पूल बांधल्यासारखे उभे राहतात. चष्मा घातल्यावर ज्याचा खर्ज जातो तो हेडफोन, बाकी कितीही गुणी असो, तुमच्यासाठी नाही.

पकड फार घट्ट असेल तर आपल्या डोक्याच्या रुंदीएवढ्या पुस्तकांच्या थप्पीवर रात्रभर ताणून ठेवा. एक-दोन रात्रींत सैल पडते. जास्त ताणू नका, सैल पकड म्हणजे पुन्हा फट.

आवाज सारखा केल्याशिवाय तुलना करू नका

दोन हेडफोनपैकी एक जेमतेम एक-दोन डेसिबल मोठा असला, तर तो आपल्याला मोठा म्हणून जाणवत नाही, तो ‘जास्त भरदार’, ‘जास्त जिवंत’ वाटतो. दुकानात उभ्याने केलेली बहुतेक तुलना इथेच फसते. त्यातच कमी आवाजात कान खालच्या सुरांना कमी दाद देतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे दाखवून दिलं आहे. म्हणजे हळू वाजणाऱ्या हेडफोनचा डग्गा दुप्पट मार खातो.

मी पुठ्ठा वापरतो. जाड पुठ्ठ्याचा वीतभर चौकोन कापा आणि मधोमध फोनच्या माइकला टेकेल असं लहान भोक पाडा. खालून दुसऱ्या फोनचा माइक त्या भोकाला लावा आणि त्या फोनवर आवाज मोजणारं एखादं फुकटचं ॲप चालू करा. वरून हेडफोनचा एक कप पुठ्ठ्यावर सपाट ठेवा आणि वर एखादं पुस्तक ठेवून हलकं वजन द्या. आता ५०० ते २,००० हर्ट्झच्या पट्ट्यातला नॉइज (एकसारखी सळसळ) वाजवा. पूर्ण पट्टीचा नॉइज नको, कारण पुठ्ठ्यावरचं सील आणि गालावरचं सील वेगळं असतं आणि खालचा भाग आकडा बिघडवतो. पहिल्या हेडफोनवर जो आकडा येईल तो लिहा, दुसऱ्यावर तोच येईपर्यंत आवाज फिरवा आणि दोन्हींच्या पायऱ्या वहीत टिपून ठेवा. आकडा खरा किती डेसिबल, याला इथे महत्त्व नाही, दोन्हींचा सारखा आला की झालं. फोनच्या पायऱ्या मोठ्या असतात, म्हणून हे काम कंप्युटरवर केलं तर जास्त अचूक होतं.

काय लावायचं आणि कुठे कान द्यायचा

पाठ असलेली गाणी घ्या. आवडती असण्यापेक्षा पाठ असणं महत्त्वाचं. प्रत्येकातला वीस-तीस सेकंदांचा तुकडा निवडा, एका हेडफोनवर दोनदा ऐका, मग दुसऱ्यावर दोनदा. माझ्या यादीत हे प्रकार कायम असतात.

ढोलकीची लावणी. घुमाऱ्याचा, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा, आवाज वर-खाली सरकताना प्रत्येक टप्प्यावर सारखाच ऐकू आला पाहिजे. एखाद्या सुरावर तो अचानक फुगला तर त्या जागी हेडफोनने भर घातली आहे. चाटीवरची, म्हणजे दुसऱ्या, बारीक आवाजाच्या बाजूची, थाप करकरीत हवी, पण कानाला टोचता कामा नये. एम५०एक्सवर घुमारा छातीत आल्यासारखा वाटतो. डीटी ७७० वर तो आणखी खोल जातो, पण तुणतुणं आणि गायिकेचा गळा अर्धं पाऊल मागे राहतात.

टाळ-मृदंगाचा अभंग. बंद हेडफोनची खरी परीक्षा इथे होते. टाळांचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो का, की सगळे मिळून एक सळसळ होते? आणि ती सळसळ गायकाच्या शब्दांवर चढते का? उजळ हेडफोनवर पहिल्या मिनिटाला टाळ सुंदर लागतात, आठव्या मिनिटाला कपाळावर आठी पडते. तेव्हा हा अभंग पूर्ण ऐका, तुकड्यावर थांबू नका.

एकट्या पुरुषाचा मध्य सप्तकातला गळा, साथीला पेटी. बंद कपात ड्रायव्हरच्या मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. आत नीट अस्तर नसेल तर गळा डब्यात बोलल्यासारखा, पोकळ होतो. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात असतात, म्हणून ते एकमेकांत कालवले जातात की शेजारी-शेजारी उभे राहतात, ते बघा. के३७१ आणि एचडी २८० इथे माझ्या कानाला सर्वांत प्रामाणिक वाटतात.

जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून उतरवलेलं नाट्यगीत. तबकडीची खरखर आणि टेपचा फुसकारा वरच्या पट्ट्यात असतो. सोनी ७५०६ आणि डीटी ७७० तो पुढे आणतात. तुमचं निम्मं ऐकणं जुन्या रेकॉर्डिंगचं असेल तर या एका कसोटीला दुप्पट गुण द्या. गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’ कडेही इथेच लक्ष द्या. शिट्टी मारल्यासारखे आले तर दोन तास ऐकणं होणार नाही.

यांत तुमचं असं एक गाणं घाला: कुणासाठी मेटल असेल, कुणासाठी पियानो.

ऐकताना लगेच लिहा, आणि साध्या शब्दांत लिहा: ‘डग्गा फुगीर’, ‘शब्द मागे’, ‘टाळ टोचतात’. ‘साउंडस्टेज’सारखे (वाद्यं आजूबाजूला पसरल्याचा भास) मोठे शब्द टाळा. बंद हेडफोनमध्ये तो तसाही मर्यादितच असतो, आणि त्या शब्दामागे नेमकं काय ऐकू आलं हे आठवड्यानंतर आपल्यालाच कळत नाही.

मग तीन दिवस एकच हेडफोन

झटपट अदलाबदलीत चमकदार आवाज जिंकतो, कारण तो लक्ष वेधून घेतो. म्हणून दुसरी फेरी संथ ठेवा. तीन दिवस फक्त एक हेडफोन वापरा, मग दुसऱ्यावर जा. पहिली पाच मिनिटं दुसरा विचित्रच वाटेल, कारण कान पहिल्याला सरावलेले असतात. तेवढी सोडून द्या आणि अर्ध्या तासानंतर काय वाटतं ते लिहा. नवा हेडफोन ‘बर्न-इन’साठी शंभर तास वाजवत ठेवण्याची मला गरज वाटत नाही. पॅड मऊ होतात, पकड सैलावते, कान सरावतात, आणि हे तिन्ही डोक्यावर घालूनच होतं.

याच दिवसांत एकदा सलग दोन तास बसा, पंखा बंद करून. आपल्या मे महिन्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत रेक्झिनचे पॅड अर्ध्या तासात ओले होतात. मखमलीचे कमी चिकटतात, पण घाम पितात आणि बाहेरचा आवाज थोडा जास्त आत सोडतात. डोक्याच्या मध्यावर दुखतंय, की कानाच्या पाळीला काही टेकतंय, हे दोन तासांनीच कळतं.

पॅड आणि वायर

मध्यम किमतीचा हेडफोन दहा वर्षं चालू शकतो. आधी जातात ते पॅड आणि वायर. माझे एका हेडफोनचे रेक्झिनचे पॅड दोन पावसाळ्यांतच सोलले आणि काळ्या खपल्या कानाला चिकटू लागल्या. बदली पॅड मूळ कंपनीचेच घ्या. जाडी, भोक किंवा कापड बदललं की ड्रायव्हरचं कानापासूनचं अंतर आणि सील दोन्ही बदलतात, आणि तुम्ही निवडलेला आवाजच राहत नाही. वापर झाल्यावर पॅड कोरड्या कपड्याने पुसा, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वायर कायमची जोडलेली असेल तर ती खुर्चीच्या चाकाखाली येणार नाही अशी सोय पहिल्याच दिवशी करा.

शेवटी इक्वलायझर

दोन हेडफोनपैकी एक अंगाला नीट बसतो आणि दुसऱ्याचा आवाज थोडा जास्त आवडतो, असा पेच पडला तर मी नीट बसणारा घेतो. आवाज इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या ॲपने, बऱ्याच अंशी सुधारता येतो, डोक्याचा आकार नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतो, अँड्रॉइडवर वेव्हलेट आहे आणि त्यात बऱ्याच मॉडेलांच्या तयार दुरुस्त्या असतात. तयार दुरुस्ती पूर्ण लावण्याआधी हाताने एक-एक बदल करून बघा. डीटी ७७० वर टाळ टोचत असतील तर आठ हजार हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल कमी करा. एचडी २८० कोरडा वाटत असेल तर शंभर हर्ट्झच्या खाली तीन-चार वाढवा. जेवढं वाढवाल तेवढंच त्याच ॲपमधल्या ‘प्री-ॲम्प’ या सेटिंगमधून एकूण पातळी खाली आणा, नाहीतर जोरकस जागी आवाज फाटेल. आणि बदल करण्याआधी सील पुन्हा तपासा. फटीतून गेलेला खर्ज इक्वलायझरने परत येत नाही, उगाच पडद्यावर ताण येतो.

बाहेरचा आवाज आत येत नसल्याने बंद हेडफोनवर हळू ऐकणं जमतं, त्याचा फायदा जरूर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० ला फक्त ४. रात्री ऐकायला बसताना आवाज आधी पूर्ण खाली आणा, तंबोरा नुसता जाणवेल इथपर्यंत वाढवा आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या. कान शांत झाले की बहुतेक वेळा तेवढाच पुरतो.